सगळं शेवाळ एकच नसतं हो

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात किनाऱ्यावर आलेल्या तपकिरी शेवाळाचा फोटो होता आणि खाली लिहिलेलं 'समुद्री वनस्पतींचा खच'. राहवलं नाही म्हणून मोबाईलवरच टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. फोटोतलं ते सरगॅसम, त्याच्या फांद्यांना मिरीच्या दाण्याएवढ्या हवेच्या गोट्या असतात, चिमटीत दाबल्या की फुटतात, त्यांच्यामुळेच ते पाण्यात उभं राहतं आणि तुटलं की तरंगत किनाऱ्याला लागतं. पण शास्त्राच्या हिशोबाने ती वनस्पतीच नाही! तपकिरी शेवाळाचं जवळचं नातं डायटमशी, म्हणजे पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय शेवाळाशी, आपल्या आंब्या-फणसाशी नाही. मुळं पण नसतात, खाली जी पकड दिसते ती फक्त दगड धरायला, खाणंपिणं सगळं अंगानेच शोषून घेतं.

उलट लाल शेवाळ झाडांचं लांबचं का होईना पण नातेवाईक. आणि त्याची गंमत तर अजून भारी. सुशी या जपानी भाताच्या पदार्थाभोवती गुंडाळतात ती नोरी म्हणजे पोरफायरा घराण्यातलं लाल शेवाळ, पोरफायरा आपल्या कोकणात पण पावसाळ्यात कातळावर येतं आणि नंतर गायब होतं. जातं कुठे? जपानी शेतकरी शेकडो वर्षं नोरी पिकवत होते पण बी कुठून येतं हे कोणालाच माहीत नव्हतं, आलं तर आलं नाहीतर वर्ष वाया. १९४९ मध्ये इंग्लंडच्या कॅथलीन ड्रू-बेकर बाईंनी दाखवून दिलं की ते मधल्या काळात शिंपल्याच्या आत बारीक गुलाबी धागे होऊन राहतं. लोकांनी त्या धाग्यांना वेगळीच जात समजून कॉन्कोसेलिस असं नाव पण देऊन टाकलं होतं, म्हणजे एकाच माणसाची दोन रेशनकार्डं! या बाईंची नोकरी लग्न केलं म्हणून गेली होती, संशोधन बिनपगारी केलं. मग जपान्यांनी कालवांच्या शिंपल्यांत बी धरायला सुरुवात केली आणि धंदा मार्गी लागला. बाई जपानला कधीच गेल्या नाहीत, तरी तिकडे उतो गावात त्यांचं स्मारक आहे.

आपल्याकडे मात्र शेवाळ म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि घरी जाऊन चायना ग्रासचं पुडिंग खातात, तेही लाल शेवाळच आहे हे माझ्या बायकोला सांगितल्यापासून तिने ते करणं बंद केलंय, त्यामुळे ही शेवटची माहिती छापायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

आपला एक वाचक, मालवण