अक्का, त्या बटणांसाठी

प्रिय अक्का,

तुमचा मोबाईल लेकीचा फोन घेण्यापुरताच, त्यामुळं हे तुम्ही वाचणार नाही. तेवढ्याच भरवशावर सगळ्यांसमोर लिहितेय. तोंडावर आभार मानले असते तर "येडी झालीस का" म्हणून हाकलून दिलं असतं.

लातूरला बिऱ्हाड केलं तेव्हा वापरायला बोअरचं पाणी. पोराचा शाळेचा पांढरा शर्ट बघता बघता पिवळट पडला. "घरी साबण नाही का रे?" असं वर्गाच्या बाईंनी त्याला भर वर्गात विचारलं. त्या बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही. दुकानदारानं महागडी पावडर गळ्यात मारली. नणंद म्हणाली, "नवा घेऊन टाक की, शर्टाला असं काय लागतंय!" ह्यांचा पगार तटलेला, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तुम्ही मात्र काहीच विचारलं नाही. "पाण्यात चुना हाय, साबण तरी काय करील?" म्हणालात आणि शर्ट घेऊन गेलात. आधी धुण्याचा सोडा घालून पाणी थोडं बसू द्यायचं, चुना खाली राहतो, वरच्या पाण्यात साबणाला फेस येतो. नीळ शेवटच्या पाण्यात, तीही तांब्यात विरघळवून, नाहीतर डाग पडतात. त्या महागड्या पावडरीच्या पुड्यावर यातलं अक्षर नव्हतं.

मग तुमच्या मोरीत मी रोजच डोकावायला लागले. साबणाच्या चिपट्या फेकायला निघाले तर "कामून टाकून द्यायलीस?" म्हणत तुम्ही इलास्टिक गेलेला मोजा आणलात. चिपट्या त्यात भरून वर गाठ मारली की कॉलर घासायला तोच बरा. खळबळलेलं पाणी पुढच्या धुण्याला, फेसाचं पाणी संडासात, पण सोड्याचं पाणी झाडाला कधीच नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे शिकवावं लागत नाही. मला लागलं. परकराच्या नाड्या पोत्यांची तोंडं बांधायला, तुटक्या चिमट्यांच्या स्प्रिंगासुद्धा डब्यात. आणि फडकं सुतीच हवं, नायलॉनची ओढणी पाणी पुसत नाही, नुसतं इकडून तिकडं फिरवते, यावर आपलं दोघींचं एकमत.

पण अक्का, हे पत्र त्यासाठी नाही.

शर्ट परत आला तेव्हा पांढरा झाला होताच. त्याचं वरून दुसरं बटण आधीच तुटलेलं, हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं. तुम्ही मामांच्या जुन्या शर्टाची बटणं काढून लावलीत. एक नाही, सगळी. पोराची चांगली बटणंसुद्धा उसवून, वरपासून खालपर्यंत एकसारखी. वर काढलेली बटणं पुडीत बांधून परत दिलीत. मी विचारलं, एकच लावायचं ना, एवढा खटाटोप कशाला? तुम्ही सुईत दोरा ओवत म्हणालात, "येगळं दिसलं असतं की."

एवढंच. पोरगं दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसलं आणि कुणाचं लक्षच गेलं नाही. लक्ष न जाणं हे केवढं मोठं असतं, ते त्याला आणि मलाच माहीत. मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातले निम्मे मदत चार लोकांना दिसेल अशी ठेवतात. दुसऱ्याची लाज राखून हात देणारी माणसं अजून आहेत, भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत, मोरीला मोरी लागून. त्यांच्यासाठी कुठं सत्कार होत नाही, आणि झाला तर त्या जाणारही नाहीत.

आता कामाचं बोलते. आईची दोन सुती लुगडी गावाकडून आणली आहेत, विरलीत, पण वाकळीच्या आत चालतील. दोरा मी घेऊन ठेवलाय. दिवाळीनंतर बसू. मामांना सांगा, ह्यावेळी त्यांच्या कपड्यांना हात लावत नाही.

तुमची,
शेजारीण