फोनवर तिसरा कान

महोदय,

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. भाजी खारट झाली इथपासून नातवाच्या दातापर्यंत रोज रात्री फोनवर गप्पा चालतात. त्या तिसरं कुणी ऐकू शकतं, हे पूर्वी ध्यानीमनीही नव्हतं.

अमेरिकेत पाळतीला परवानगी देणारं, १९७८च्या कायद्याने स्थापलेलं एक गुप्त न्यायालय आहे. न्यायाधीश ११, समोर बहुतेक वेळा फक्त सरकारी वकील; ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याला पत्ताच नसतो. व्हेरायझन या तिथल्या फोन कंपनीच्या लाखो ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज सरकारला द्या, असा आदेश याच न्यायालयाने दिला होता. २०१३ मध्ये तिथल्या गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने कागद बाहेर काढले म्हणून तो कळला. अमेरिकेबाहेरच्या परदेशी माणसासाठी तर वेगळं वॉरंटही लागत नाही; म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांना तेवढाही आडोसा नाही!

पण त्यांना नावं कुठल्या तोंडाने ठेवायची? आपल्याकडे फोन टॅपिंगला परवानगी गृहसचिव देतात आणि ती तपासते सचिवांचीच समिती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तरी या फाइलवर न्यायाधीशाची सही लागत नाही. नव्या दूरसंचार कायद्यातही ती आणावी असं सरकारला वाटलं नाही.

– एक ज्येष्ठ नागरिक, पुणे