क्रूझच्या केबिनमधून गहाळ झालेल्या वस्तूंबाबत तक्रार आणि नोंदी जपून ठेवण्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रूझ कंपनीचे मुंबई कार्यालय.

संदर्भ : मुंबई–गोवा–मुंबई फेरी. बुकिंग व केबिन क्रमांक, वस्तूंचे वर्णन आणि खरेदीच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

महोदय / महोदया,

आपल्या जहाजावर एकाच डेकवरच्या एकाच बोळात उतरलेल्या चार कुटुंबांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. पहिल्या केबिनच्या तिजोरीतून सोन्याची मोहनमाळ आणि रोख रक्कम गेली. दुसऱ्या केबिनमध्ये टेबलाच्या खणातली कॅमेऱ्याची लेन्स नाहीशी झाली. तिसऱ्या कुटुंबाने उतरण्याच्या आदल्या रात्री दाराबाहेर ठेवलेल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून मनगटी घड्याळ गेले. चौथ्या केबिनमधले एक्स्टेन्शन बोर्ड सफाईनंतर दिसेनासे झाले.

रिसेप्शनवर चारही तक्रारी तोंडी ऐकून घेतल्या, लेखी पोच एकीचीही दिली नाही. नंतर ईमेलने आलेली चारही उत्तरे शब्दशः सारखी आहेत : मौल्यवान वस्तूंची जबाबदारी प्रवाशांची, आणि चौकशीत काही आढळले नाही. पहिल्या मुद्द्याचा विचार पुढे केला आहे. आमचा खरा आक्षेप दुसऱ्या मुद्द्याला आहे. चौकशीत काय तपासले, कोणी तपासले आणि कधी, यातले काहीच उत्तरात नाही. क्रूझ जहाजाच्या केबिनमध्ये कोण केव्हा गेले याची नोंद घरातल्या किंवा साध्या लॉजमधल्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त असते. ती नोंद न उघडता "काही आढळले नाही" असे कळवणे आम्हाला मान्य नाही.

दारापासून सुरुवात करतो. केबिनचे कार्ड-कुलूप प्रत्येक वेळी कोणते कार्ड लागले ते टिपते : प्रवाशाचे, स्टुअर्डचे (केबिनची सफाई करणाऱ्या कर्मचाऱ्याचे), त्या सेक्शनची सगळी दारे उघडणारे मास्टर, दुरुस्ती विभागाचे की सुरक्षा विभागाचे, आणि किती वाजता. जी कुलपे सर्व्हरला जोडलेली नसतात त्यांत ही नोंद कुलपातच राहते आणि हातातले यंत्र दाराला लावून वाचावी लागते. मेमरी मर्यादित असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. स्टुअर्ड दिवसातून दोनदा येतो, प्रवाशांची ये-जा वेगळी. त्यामुळे पुढच्या काही फेऱ्यांतच आमच्या तारखांची नोंद पुसली जाणार. ती वाचून ठेवली आहे का, हे एवढे तरी लगेच कळवावे.

वाचताना एक काळजी घेणे फार आवश्यक आहे. अशा कुलपाचे घड्याळ बॅटरीवर चालते आणि हळूहळू मागेपुढे होते. बोळातल्या कॅमेऱ्याचे घड्याळ वेगळे, रिसेप्शनच्या संगणकाचे आणखी वेगळे. नोंद काढताना कुलूप किती वाजल्याचे दाखवत होते आणि खरे किती वाजले होते, हा फरक त्याच कागदावर लिहायला हवा. दहा मिनिटांची चूक झाली तर त्या वेळी भलत्याच केबिनमध्ये चादरी बदलत असलेल्या स्टुअर्डवर संशय येतो. आमच्या बोळातल्या स्टुअर्डवर आमचा कोणताही आरोप नाही. अर्धवट तपासणीचा पहिला बळी तोच ठरतो, म्हणूनच ती पूर्ण व्हावी असा आमचा आग्रह आहे.

लेन्स गेलेल्या केबिनमध्ये एका प्रवाशाचे कार्ड हरवल्याने त्याच दिवशी रिसेप्शनने नवे दिले होते. जुने कार्ड रद्द झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. सर्व्हरला न जोडलेल्या अनेक कुलपांत जुने कार्ड संगणकावर रद्द केले म्हणून दारावर बंद पडत नाही. नवे कार्ड त्या दाराला पहिल्यांदा लागते तेव्हा जुने निकामी होते. मधल्या वेळेत नवरा-बायकोपैकी दुसऱ्याच्याच कार्डाने दार उघडत राहिले, तर हरवलेले कार्डही तोवर चालू राहते. आपली कुलपे कोणत्या प्रकारची आहेत आणि नवे कार्ड दाराला पहिल्यांदा केव्हा लागले, हे आम्हाला कळले पाहिजे.

दाराच्या नोंदीने सगळे कळते असेही आम्ही म्हणत नाही. सफाईच्या वेळी दार अडकवून उघडे ठेवतात, ट्रॉली बाहेर उभी असते, स्टुअर्ड मधेच समोरच्या केबिनमध्ये टॉवेल द्यायला जातो. त्या दोन मिनिटांत कोणी आत गेले तर कुलपात फक्त स्टुअर्डचे कार्ड दिसते. शिवाय दोन बाल्कन्यांमधली पडदी धुण्या-पुसण्यासाठी किल्लीने उघडता येते. ती परत नीट लागली नाही, तर शेजारच्या बाल्कनीतून आत येता येते आणि दाराच्या नोंदीत त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून बोळातल्या सीसीटीव्हीचे चित्रण हवे. तेही ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, हे आपल्या सुरक्षा विभागाला आमच्याहून चांगले ठाऊक आहे. तक्रार आली त्याच दिवशी ते वेगळे काढून ठेवायला हवे होते. आता काढाल तेव्हा मूळ फाइलचा हॅश (फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा ओळख-आकडा) काढून, भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र सोबत ठेवावे. मोबाइलने पडद्यावरून टिपलेली क्लिप पाठवू नये.

तिजोरीबाबत आपले उत्तर सर्वांत अपुरे आहे. "प्रवाशाचा कोड प्रवाशालाच माहीत असतो," एवढेच त्यात आहे. पण पेन्सिल सेलवर चालणारी ही तिजोरी प्रवाशाच्या कोडशिवायही उघडते, आणि उघडायलाच हवी : कोणी कोड विसरतो, सेल उतरतात, कोणी सामान आत ठेवूनच उतरून जातो. त्यासाठी मास्टर कोड, आणीबाणीची किल्ली किंवा हातातले यंत्र असते. कारखान्यातून येताना अनेकदा मास्टर कोड एका बनावटीच्या सगळ्या तिजोऱ्यांना सारखाच असतो आणि बसवणाऱ्याने तो बदलायचा असतो. तो न बदलता तसाच राहणे ही या धंद्यातली जुनी आणि सर्वज्ञात चूक आहे. तिजोरी बनवणाऱ्या कंपनीची माहितीपुस्तिका हाताशी असलेला कोणीही मग तिजोरी उघडू शकतो. आमच्या केबिनमधल्या तिजोरीचा मास्टर कोड शेवटचा केव्हा बदलला, तो किती जणांकडे आहे, किल्ली देण्या-घेण्याच्या वहीत त्या तारखांना कोणाची सही आहे? तिजोरी कपाटाला आतून बोल्टने घट्ट बसवलेली होती का? आणि तिजोरीच्या स्वतःच्या नोंदीत त्या काळात मास्टरने उघडल्याची ओळ आहे की फक्त प्रवाशाच्या कोडची? फक्त प्रवाशाच्या कोडची असेल तर तसे स्पष्ट लिहून द्यावे. आमच्या विरुद्ध जाणारी नोंदही आम्हाला हवी आहे.

वस्तू दिसत नाही म्हणजे ती चोरीलाच गेली, असेही नाही. कानातले, अंगठ्या, घड्याळे चादरीत गुंडाळली जाऊन लाँड्रीच्या पिशवीत जातात. खणाच्या मागे पडलेली वस्तू खण पूर्ण बाहेर ओढल्याशिवाय दिसत नाही. सोफा-कम-बेडची घडी, पलंगाच्या चौकटीची फट, बेसिनखालच्या पाइपचे वळण, व्हॅक्युम क्लीनरची पिशवी, या जागा तपासायला एका केबिनला अर्धा-पाऊण तास पुरतो. मात्र तो वेळ त्याच सकाळी द्यावा लागतो. बॅलार्ड पिअरला जहाज सकाळी लागते, प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढू लागतात. तेवढ्यात लाँड्री पुढे गेलेली असते, कचरा उतरलेला असतो, केबिनमध्ये दुसऱ्याचे सामान आलेले असते. तक्रारी उतरण्यापूर्वी पोहोचल्या होत्या. मग त्या केबिन नव्या प्रवाशांना देण्याआधी शोध घेतला का? सापडलेल्या वस्तूंच्या रजिस्टरमधली त्या दिवसाची पाने, म्हणजे वस्तू, केबिन, सापडण्याची वेळ, सापडवणाऱ्याची सही आणि सीलबंद पिशवीचा क्रमांक, आम्हाला दाखवावीत. इतर प्रवाशांची नावे झाकली तरी चालेल.

एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने बहुधा आपल्याच माणसांनी उचलले असावे. जहाजावर इस्त्री, किटली, सर्ज प्रोटेक्टर असलेले बोर्ड यांना मनाई असते आणि ती योग्यच आहे. पण केबिनमधून वस्तू ताब्यात घेतली तर चिठ्ठी ठेवायची आणि उतरताना पावतीवर ती परत करायची, ही साधारण रीत आहे. बोर्ड स्वस्त आहे. पण चिठ्ठीशिवाय एखादी वस्तू उचलली जाऊ शकते, तर दुसरी उचललेली कशी ओळखायची?

शेवटच्या रात्रीच्या बॅगांबाबत : टॅग लावून त्या दाराबाहेर ठेवा, ही आपलीच सूचना होती. बॅग ठेवल्यापासून टर्मिनलच्या हॉलमध्ये मिळेपर्यंत ती पूर्णपणे आपल्या ताब्यात होती. बोळातून उचलताना, पिंजऱ्याच्या ट्रॉलीत भरताना आणि धक्क्यावर उतरवताना मोजणी होते का, ट्रॉलीला क्रमांकाचे सील होते का, आणि रात्रभर ती कोणत्या डेकवर उभी होती?

आता जबाबदारीचा मुद्दा. आपल्या अटींमध्ये समुद्रमार्गे प्रवासी व त्यांचे सामान नेण्याबाबतच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय अथेन्स कराराचा आणि त्याच्या २००२ च्या प्रोटोकॉलचा आधार घेतला आहे. त्यात मौल्यवान वस्तू वाहकाकडे, म्हणजे जहाज कंपनीकडे, जपण्यासाठी सोपवल्या नसतील तर भरपाई नाही, हे खरे. पण लेन्स किंवा घड्याळ तुम्ही सरसकट त्या रकान्यात टाकू शकत नाही. केबिनमधल्या सामानासाठी त्याच करारात प्रत्येक प्रवाशामागे २,२५० विशेष आहरण हक्क युनिटची (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक, एसडीआर) मर्यादा दिलेली आहे. उतरल्यापासून १५ दिवसांत लेखी सूचना द्यावी, असे तो करार सांगतो. हे पत्र त्या मुदतीत दिलेली सूचना समजावे. आणि चूक वाहकाची होती हे सिद्ध करणे प्रवाशावर येते तेव्हा पुरावा वाहकाच्याच कपाटात असतो. तो पुसू देणे गंभीर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतली त्रुटीच आहे. तक्रार आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत करता येते.

या नोंदी ठेवणे अवघड आहे, असे उत्तर कृपया देऊ नये. अमेरिकी बंदरांत प्रवासी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजांना २०१० च्या कायद्याने कोणता कर्मचारी कोणत्या वेळी केबिनमध्ये जाऊ शकतो याचे नियम लेखी ठेवावे लागतात आणि १,००० डॉलरवरच्या चोरीच्या तक्रारी वहीत नोंदवाव्या लागतात. तो कायदा मुंबईत लागू नाही. पण जे तिकडच्या प्रवाशाला मिळते ते इथल्या प्रवाशाला देता येते, एवढे त्यावरून दिसते.

"समुद्रात घडले, इथे पोलीस तक्रार होत नाही," असे रिसेप्शनवर सांगण्यात आले. हे चुकीचे आहे आणि इतर प्रवाशांना असे सांगणे तातडीने थांबवावे. जलप्रवासात घडलेल्या गुन्ह्याची चौकशी त्या प्रवासाच्या वाटेवरच्या हद्दीत होऊ शकते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. आम्ही यलो गेट पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देत आहोत.

कुलपांची, तिजोरीची आणि सीसीटीव्हीची नोंद जपून ठेवल्याचे ४८ तासांत लेखी कळवावे. उरलेल्या प्रश्नांची केबिननिहाय उत्तरे १५ दिवसांत द्यावीत. तिजोरीची नोंद आमच्यासमोर वाचली जावी. त्यासाठी जहाजाच्या पुढच्या मुंबई मुक्कामाची तारीख आणि वेळ कळवावी, म्हणजे आमच्यापैकी दोघे ओळखपत्रासह टर्मिनलवर हजर राहतील. नोंद वाचेपर्यंत त्या तिजोरीचे सेल काढू नयेत आणि ती बदलूही नये.

आपले,
चार केबिनमधील प्रवासी
(सह्यांची यादी सोबत)

सोबत : वस्तूंची यादी व पावत्या, बॅगेच्या टॅगांचे फोटो, कंपनीच्या चारही ईमेलच्या प्रती.