कांद्यावरच लिही

चि. सोनाली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू जिनिव्हाहून फोनवर विचारलंस, वर्गातले सगळे युद्ध, अणुकरार, अमेरिका-चीन असे विषय घेतायत, मी प्रबंधाला कांदा घेतला तर हलकं दिसेल का? तेव्हा शेजारी मोटर चालू होती, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

8 डिसेंबर 2023 तुला आठवत असेल. शुक्रवार होता. तू पुण्याहून आलेली, आदल्या रात्री आपण दोघांनी ट्रॉली भरून वर ताडपत्री बांधली. निर्यातबंदीचा आदेश रात्रीच निघाला होता, आपल्याला सकाळी मार्केटच्या दारात कळला. लिलाव थांबले, ट्रॉली परत आणली. उन्हाळ कांदा असता तर चाळीत टाकून चार महिने वाट पाहिली असती. लाल कांद्याला तेवढा दम नसतो. आईनं तो खळ्यावर पसरला आणि तू रोज सकाळी उकिडवी बसून मऊ पडलेले, कोंब आलेले वेगळे काढायचीस. लिलाव पुन्हा सुरू झाले तोवर आदल्या आठवड्याचा भाव राहिला नव्हता.

बंदी उठली 4 मे 2024 ला. तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचा नाही, आणि 40 टक्के निर्यात शुल्क ठेवून. ते शुल्क पुरतं जायला 1 एप्रिल 2025 उजाडलं.

तू सांगितलेली कलमं मी वहीत उतरवून घेतलीत. गॅट म्हणजे देशादेशांतल्या व्यापाराचा करार, त्याचं अकरावं कलम: निर्यातीवर बंदी घालू नये, पण देशात अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती घालता येते. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती कराराचं बारावं: बंदी घालणाऱ्यानं घेणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि जमेल तितकं आधी लेखी कळवावं. दोन-तीनदा वाचलं. खाणाऱ्याचा विचार आहे, पिकवणाऱ्याचा उल्लेख नाही. हे मला फार लागलं. ही कलमं जिथे सांभाळली जातात ती या संघटनेची इमारत जिनिव्हातच, तुझ्या संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिला नाव विल्यम रापार यांचं, आणि 1927 साली तुझी ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट स्थापन करणाऱ्या दोघांपैकी एक तेच. मग त्या गावात हा विषय परका कसा?

आणि तुझी ती ढाक्याची मैत्रीण. तू म्हणालीस, आपल्याकडे लिलाव बंद पडले त्याच दिवसांत तिच्या आईला बाजारात कांदा परवडेना. हे ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. माझ्या मनात इतकी वर्षं बंदी म्हणजे माझं नुकसान, एवढंच होतं. पलीकडे कुणाची तरी आई पिशवी घेऊन उभी असते, हे कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं. 2019 च्या सप्टेंबरअखेर अशीच बंदी आली, तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. सगळे हसले. पण त्यांचं मागणं एवढंच होतं, आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. माझंही तेच म्हणणं आहे गं. महिनाभर आधी कळलं असतं तर काढणी मागेपुढे केली असती, निदान त्या रात्री ट्रॉली भरली नसती.

युद्धावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. पण मऊ पडलेला कांदा हाताला कसा लागतो हे ठाऊक असलेलं तुझ्या वर्गात दुसरं कोण आहे? आपल्या बाजूनं भांडण मात्र लिहू नकोस. ढाक्याच्या त्या माउलीलाही त्यात जागा दे.

त्या डिसेंबरच्या हिशेबपट्ट्या रबर लावून कपाटात आहेत. आई उद्या फोटो काढून पाठवेल, तारखा नीट दिसतील असे. मैत्रिणीकडून तिच्या आईला विचारून घे, त्या आठवड्यात किलोला किती मोजले होते.

थंडी वाढली असेल, कानाला बांधत जा.

तुझे
नाना