भाई, माझा नंबर टिकला तो तुमच्यामुळे

आदरणीय भाई,
सादर नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी जो तो उठून म्हणत होता, भाईंनी जहाजांच्या यार्डातल्या मुलींना सांभाळून घेतलं. सगळे मनापासूनच बोलत होते. पण मला आभार मानायचे आहेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती चार लोकांना कळावी म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. सांभाळून घेणारे मला पुष्कळ भेटले. कोणी स्टोअरमध्ये वेल्डिंगच्या रॉडचा हिशेब लिहायला बसवलं, कोणी "उन्हात कशाला मरतेस" म्हणत पंख्याखाली खुर्ची दिली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी त्या खुर्चीत मी वेल्डर म्हणून संपले असते, आणि हे त्या यार्डात फक्त तुम्हाला दिसत होतं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जहाजाच्या पत्र्याला कोणीही उठून टाका मारू शकत नाही. सर्व्हेअरच्या, म्हणजे काम तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, समोर टेस्ट प्लेट वेल्ड करायची, तिच्या पट्ट्या कापून पार दुमडेपर्यंत वाकवायच्या, आणि वाकलेल्या पट्टीवर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी भेग उघडली नाही तरच सर्टिफिकेट. मग वेल्डरला स्वतःचा नंबर मिळतो. पुढे सीम, म्हणजे वेल्डचा सांधा, कोणी मारली ते त्या नंबरावरून ओळखायचं. पण तेवढ्याने भागत नाही. सहा महिने हातात होल्डर, म्हणजे रॉड पकडायची मूठ, धरला नाही, तर सर्टिफिकेट बाद. म्हणजे कोणाला कामावरून काढायचंही कारण नाही. अर्धं वर्ष प्रेमाने ऑफिसात बसवलं की पुरे.

तुम्ही मला घेतलंत तो काळही आठवून पाहा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, खनिज वाहणाऱ्या बार्जेस नदीत नुसत्या नांगरून पडल्या, आणि जुवारीच्या काठावर जुन्या वेल्डरांनाच पुरेसं काम नव्हतं. अशा दिवसांत फर्मागुडीच्या आयटीआयमधून आलेली, बोरीहून पूल ओलांडून येणारी एक पोर. तिला टॅकिंग आणि ग्राइंडिंगवर, म्हणजे तात्पुरते टाके मारणं आणि घासकाम यावर, ठेवलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. तुम्ही पहिल्याच पावसाळ्यात ७०१८ नंबरचे, कोरडे ठेवावे लागणारे वेल्डिंगचे रॉड भट्टीतून काढायला लावलेत. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा राहिलेला रॉड वरून सुंदर सीम देतो आणि आतून पुढे भेग पाडतो, हे तेव्हा कळलं. नंतर थेट डोक्यावरची सीम. ठिणग्या ढिल्या हातमोज्यात शिरून मनगट भाजायचं, कारण स्टोअरमधले सगळे मोजे पुरुषी मापाचे. तुम्ही "सवय होईल" म्हणाला नाहीत. लहान मापाचे मोजे मागवलेत, आणि मागणीच्या कागदावर कारण लिहिलंत: सुरक्षा. मुलींची सोय असं लिहिलं नाहीत. संडासाच्या बाबतीतही तेच. वेगळा संडास कायद्यातच आहे म्हणून ठणकावून मागितलात, माझ्या नावाने दया मागितली नाहीत.

डबल बॉटमचं, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळातल्या बंदिस्त टाक्यांचं, काम निघालं तेव्हा दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू झाली. काही म्हणाले, बाईमाणसाला टाकीत उतरवू नका. काही म्हणाले, ही बारीक आहे, मॅनहोलमधून सहज जाते, टाकी कायम हिलाच द्या. तुम्ही दोघांचंही ऐकलं नाहीत. माझी पाळी आली की मी उतरायचे, इतरांची आली की इतर. ब्लोअर चालू आहे का, ऑक्सिजन मोजलाय का, टाकीच्या तोंडावर माणूस उभा आहे का, हे तुम्ही माझ्यासाठी जेवढं बघितलंत तेवढंच बाकीच्यांसाठी. त्या समान वागणुकीने मला जी ताठ मान दिली, ती कुठल्या कौतुकाने दिली नसती.

रात्रपाळीपुढे मात्र तुमचाही इलाज नव्हता. कारखाने कायदा १९४८ चं कलम ६६ मला संध्याकाळी सातनंतर थांबू देत नव्हतं, आणि जहाज पाण्यात सोडायचं तर भरतीची वेळ पाहून, आदल्या रात्रीपर्यंत काम. ओव्हरटाइम गेला तो गेलाच. पण महत्त्वाच्या सीम तुम्ही दिवसा काढून ठेवायचात, म्हणजे रेकॉर्डमध्ये माझा नंबर दिसेल.

आणि माझं बाळंतपण. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. आमच्यासारख्यांना हे फार मोठं देणं आहे, ते कमी व्हावं असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण २६ आठवडे म्हणजेच सहा महिने! त्यात पोटात बाळ असताना मी धुरापासून दूर होते. परत आले तेव्हा सर्टिफिकेट मेलेलं, आणि स्टोअरमधली खुर्ची पुसून तयार. घरचेही म्हणत होते, आता बरं झालं. तुम्ही काही समजावत बसला नाहीत. "बाय, भंगारातल्या प्लेटी बाजूला ठेवल्यात, जेवणाच्या सुट्टीत हात बसव," एवढंच म्हणालात. पुढच्या टेस्टच्या यादीत माझं नाव तुम्ही मी रजेवर असतानाच घातलं होतं, हे मला पुष्कळ नंतर टाइम ऑफिसमधून कळलं. दूध पाजायला घरी जायची माझी वेळ सांभाळून सर्व्हेअरची वेळ कशी जुळवलीत, ते तुम्हालाच ठाऊक. पट्ट्या वाकल्या, भेग नाही. माझा जुना नंबर मला परत मिळाला.

भाई, बाईला कामावर घेणारे आता बरेच आहेत. रजेनंतर तिचं काम तिला परत मिळेल अशी तजवीज आधीच करून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. देव बरे करो तुमचं.

आता वेल्डिंग इन्स्पेक्शन मी पाहते. यंदा टेस्टला दोन मुली बसणार आहेत, त्यातल्या एकीचं नुकतंच लग्न ठरलंय. तिच्या सर्टिफिकेटच्या पुढच्या तारखा मी माझ्या डायरीत लिहायला घेतल्यात. टेस्ट पावसाआधी आहे, दिवस ठरला की फोन करते. गेटवर तुमचं नाव देऊन ठेवेन. वहिनींनाही घेऊन या.

तुमची,
बोरीची वेल्डर