पेने तयार आहेत, प्रोजेक्टर हवेत!

सर्व सभासद, पालक आणि हितचिंतकांस सप्रेम नमस्कार.

शाळा उघडायला फार दिवस राहिलेले नाहीत आणि आपल्या संवादी फळ्यांचे (भिंतीवर प्रोजेक्टरचे चित्र पाडून त्यावर खास पेनाने लिहायचे फळे) काम प्रोजेक्टरपाशी अडून बसले आहे. म्हणून हे आवाहन.

जुन्या सभासदांना सुरुवात आठवत असेल. डिसेंबर २००७ मध्ये जॉनी चुंग ली या तरुण संशोधकाने ‘वी’ या व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्राचा रिमोट वेगळ्याच कामाला लावून जगाला दाखवला. त्या रिमोटच्या तोंडाशी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टिपणारा कॅमेरा असतो. खेळताना रिमोट हातात असतो आणि टीव्हीजवळचे अवरक्त दिवे स्थिर; लीने रिमोट स्थिर ठेवला आणि दिवा पेनात घालून हातात दिला. प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेल्या चित्राच्या चार कोपऱ्यांवर पेन टेकवले की संगणकाला जागेचा अंदाज येतो आणि साध्या भिंतीवर लिहिता येते, चित्रे सरकवता येतात. आपल्या माजी अध्यक्षांनी तो व्हिडिओ पाहिला आणि पुढच्याच बैठकीला ते नातवाचा रिमोट घेऊन हजर झाले! मंडळाचे पहिले पेन त्यांच्याच घरी जोडले गेले. त्यांचे ऋण मोठे आहे.

पेन म्हणजे संपलेल्या मार्करची नळी, अवरक्त एलईडी, एक दाबबटण आणि दीड व्होल्टचा सेल. सोल्डरिंगची सारी जबाबदारी आमच्या निवृत्त रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी उचलली आणि मुलांनाही शिकवली. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मुले पेन मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबतात. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला की पेन पास. भिंतीवर ऊन आले की मात्र सारे बिघडते, कारण उन्हातही अवरक्त किरण असतात. हे कळल्यावर महिला गटाने एका रविवारात जाड पडदे शिवून दिले, कापडही स्वतःच आणले. शिकवणाऱ्याची पाठ आड आली की कॅमेऱ्याला पेन दिसत नाही, ही अडचण आपल्या गणिताच्या बाईंनी पहिल्याच तासाला दाखवली. तेव्हापासून कॅमेरा बाजूला आणि उंचावर बसवतो. त्याच बाईंच्या वर्गात जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोणाचा कोपरा ओढत एक मुलगी कितीतरी वेळ उभी होती. कोन बदलत होते, बेरीज १८० वरच राहत होती. ‘फेट’ या संकेतस्थळावरचे विज्ञानाचे संगणकी प्रयोगही मराठीत फुकट मिळतात, तेही याच भिंतीवर चालतात.

फळा लावला की शिकवणे आपोआप सुधारते, असे आम्ही मानत नाही. म्हणूनच जिथले शिक्षक आधी आपल्याकडे सरावाला बसतात, तिथेच तो बसवतो. अशा शाळा आता वाट पाहत आहेत.

थोडे मनातलेही लिहिते. मागच्या प्रात्यक्षिकाला सभागृह भरले होते, टाळ्याही भरपूर पडल्या. त्यानंतरच्या आवाहनाला मात्र प्रतिसाद आला तो नेहमीच्याच दात्यांचा. ज्यांनी आजवर प्रत्येक वेळी दिले, त्यांच्याच दारात पुन्हा कितीदा जायचे? राग कुणावर नाही, पण वाईट वाटले. कार्यालयांच्या कपाटांत जुने प्रोजेक्टर धूळ खात पडलेले असतात, आणि इथे मुले पेने हातात घेऊन बसली आहेत.

हवे आहे ते असे: चालू प्रोजेक्टर (दिवा गेलेला असेल तर आधी मॉडेल कळवा, दिवा मिळतो का पाहू; भिंतीजवळून मोठे चित्र पाडणारा असेल तर फारच उत्तम, सावली कमी पडते); ‘वी’चे रिमोट, मागे ‘टीआर’ छापलेले असले तरी चालतील, जोडायला जरा त्रास होतो एवढेच; ब्लूटूथ असलेले जुने लॅपटॉप; कसलाही वेबकॅम, आतली अवरक्त-रोधक काच काढून आम्ही तो रिमोटऐवजी वापरतो; त्यासाठीच धुतलेल्या रंगीत निगेटिव्हची पूर्ण काळी टोके, जी साधा उजेड अडवतात आणि अवरक्त जाऊ देतात. तुटकी रिमोट कंट्रोल टाकू नका, त्यांतले एलईडी उपयोगी पडतात. रोख वा धनादेश मंडळाच्या नावानेच द्यावा, पावती खजिनदारांकडून त्याच वेळी घ्यावी. वस्तू संध्याकाळी मंडळाच्या खोलीत आणाव्यात, जड असल्यास निरोप द्या, कार्यकर्ते येऊन नेतील. वस्तू वा पैसे शक्य नसतील त्यांनी रविवारी सकाळी सोल्डरिंगला यावे, शिकवू. शाळा उघडण्याच्या आधीच्या रविवारपर्यंत सारे पोचावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने