ॲप घेताना सोडण्याचाही भाव विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या ठोक दुकानांचे हिशेब मी लिहितो. बिलिंगचं ॲप विकणारी मुलं सध्या रोज कुठल्या ना कुठल्या गादीवर बसलेली दिसतात. त्यांच्या मालात खोट नाही. वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेली की 1 ऑगस्ट 2023पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं आहे; ते वहीवर होणारं काम नव्हे. जीएसटी रिटर्नच्या वेळची आमची जागरणंही बरीच कमी झाली. पण दुकानदार विचारतो ते फक्त वर्षाचं भाडं.

इथल्याच एका किराणा गादीवरून काटोल-नरखेडकडचे दुकानदार उधारीने माल नेतात. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची संत्री उतरली की गावात पैसा खेळतो, मग तो इथे पोचतो. कोणाच्या गावात गारपीट झाली, कोणाला त्यानंतरच्या मृग बहाराच्या पिकापर्यंत थांबायचं, हे तिथल्या दिवाणजींना तोंडपाठ होतं. ॲपमध्ये मात्र सगळ्यांना एकच मुदत टाकलेली, 30 दिवस. ती उलटली आणि बापाच्या वेळेपासूनच्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर 'थकबाकी त्वरित भरा' असा निरोप आपोआप जाऊन पडला. काहींनी दुसऱ्याच दिवशी पैसे आणून टाकले आणि पुढचा माल शेजारच्या गादीवरून उचलला. समजूत घालायला दिवाणजी नव्हते. ॲप आल्यावर पगार वाचतो म्हणून त्यांना आधीच घरी बसवलं होतं. हा खर्च कुठल्या कोटेशनमध्ये लिहिलेला असतो?

पुढे ते ॲप बदलायचं ठरलं, तेव्हा कळलं की बिलं पीडीएफमध्ये मिळतील, पण खातेवार नोंदी दुसरीकडे चढवता येतील अशा मिळणार नाहीत. भाडं थांबलं की लॉगिनही बंद. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात, आणि अधिकारी ते मागणार दुकानदाराकडे, ॲपवाल्याकडे नाही. सध्या तिथे एक पोरगा जुनी खाती एकेक करून हाताने भरतो आहे.

नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्सने सभासदांसाठी कराराचा एक नमुना मराठी-हिंदीत छापावा. सोडताना पूर्ण हिशेब एक्सेलमध्ये मिळेल, मालकाला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला निरोप जाणार नाही आणि भाडेवाढ आधी लेखी कळवली जाईल, एवढ्या तीन अटी त्यात असल्या तरी पुष्कळ झालं. आणि ज्यांना या दिवाळीत ॲप घ्यायचंच आहे, त्यांनी निदान पुढचा बहार उतरेपर्यंत वही बंद करू नये.

– एक हिशेबनीस, गांधीबाग, नागपूर